एकोणचाळिसावा संदर्भ

आमच्या विज्ञान-तंत्रज्ञान ग्रंथालयात दुसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी, एक खुर्ची आहे. चार वर्षांपूर्वी तिचा एक पाय डुगडुगायला लागला. दुरुस्तीचे तीन-तीन अर्ज कोण भरत बसणार? मी तिच्यावर चिठ्ठी चिकटवली : "प्रयोग चालू आहे. हलवू नये." त्याला चार वर्षं झाली, खुर्ची जागची हललेली नाही. झाडणारी मावशी तिच्याभोवतीनं झाडते. कुलगुरू एकदा पाहणीला आले, तेही तिच्यापुढे वाकले, गंभीरपणे मान डोलावली आणि पुढे गेले. शिकलेल्या माणसांना गंडवणं फार सोपं. अक्षर तेवढं नीट पाहिजे.

हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे पुढचं ऐकून कोणी "तुम्ही? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती!" असं म्हणायला नको. माझ्याकडून हीच अपेक्षा ठेवायची.

तेवीस वर्षं मी या मजल्याची ग्रंथपाल आहे. माझं नाव फारसं कोणी घेत नाही. "दुसऱ्या मजल्याला विचार," असं म्हणतात. पन्नास वर्षांपूर्वीचं सिमेंटचं मानक, बंद पडलेल्या नियतकालिकाचा अंक, कुण्या परिषदेत वाचलेला आणि कुणीच न ऐकलेला निबंध, सगळं दुसऱ्या मजल्याला विचारायचं. आणि दुसरा मजला शोधून देतो.

याचा मोबदला म्हणून मला एकच गोष्ट लागते. पुस्तक असो की प्रबंध, मी आधी आभारांचं पान उघडते. त्यात मी असले की एका निळ्या वहीत नोंद करते. एक्केचाळीस नोंदी आहेत. एका पठ्ठ्यानं तर बायकोच्या आधी माझे आभार मानले होते, आणि त्याच्या घरी आठवडाभर नुसती भांडी आपटत होती.

त्या एक्केचाळिसातल्या तीन नोंदी कंपनवाल्या बाईंच्या. या आमच्याकडच्या प्राध्यापक. पूल का थरथरतात, यात त्यांचं आयुष्य गेलं. आजवर तीन पुस्तकं, तिन्हींत मी. दर बुधवारी अकराला त्या चिठ्ठी घेऊन यायच्या, मी चहा सांगायचे, त्या म्हणायच्या, "हे काही मिळायचं नाही गं," आणि मी म्हणायचे, "बसा तर खरं." वीस वर्षं असंच चाललं होतं.

आणि मग आला मऊसूत.

नाव मीच ठेवलं. वय एकतीस, आवाज असा की लोण्यातून सुरी जावी. एक वर्षाच्या परीक्षाधीन काळावर नेमलेला, माझा मदतनीस म्हणून. पहिल्या दिवशी हात जोडून म्हणाला, "ताई, मला तुमच्या हाताखाली शिकायचंय." म्हटलं, शीक बाबा. तीन महिन्यांत लेकाचा असा शिकला, की माझ्या टेबलापुढची रांग त्याच्या टेबलापुढे गेली. मी कपाटांकडे चालायला लागायचे तोवर याच्या पडद्यावर लेख उघडलेला असायचा. वर नम्र! उद्धट असता तर किती सोय झाली असती. "ताईंनीच दाखवलं होतं," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. मी काही दाखवलं नव्हतं हो. आयत्या बिळात नागोबा, आणि तोही फणा न काढणारा. त्याला मारायचं तरी कसं?

मी जळत होते. उगाच गोड शब्द कशाला शोधू? तो शिंकला तरी मला वाटायचं, बघा, शिंकतोसुद्धा सफाईनं. रोज दुपारी तो जेवायला गेला की मी त्याच्या टेबलावरच्या फायली चाळायचे. आज कुणाचं काम केलं, किती वेळात केलं. सगळं वाचून, होतं तसं ठेवून, मग मी माझा डबा उघडायचे. जेवण जायचं नाही, पण वाचल्याशिवाय राहवायचंही नाही.

एका बुधवारी कंपनवाल्या बाई आल्या. मी चहा सांगायला उठले. बाई माझ्याकडे बघून हसल्या, हात हलवला आणि सरळ मऊसूतच्या टेबलापाशी जाऊन बसल्या.

"चौथं पुस्तक होतंय," त्या त्याला सांगत होत्या. "शेवटचंच म्हण. हे अडतीस संदर्भ, हातानं लिहिलेत. एकेक तपासून हवाय, मूळ लेखाच्या प्रतीसकट. जमेल?"

"जमेल, मॅडम."

"जमलं तर आभारांत तुझं नाव पक्कं. मी आभार एकाचेच मानते. दहा नावं लिहिली की कुणाचेच मानले नाहीत असं होतं."

एकाचेच! मी कपाटामागे उभी होते. हातात बांधीव खंड होता, तो मी उलटा ठेवला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा.

घरी नवऱ्याला सांगितलं. आमचे हे चष्मेवाले. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं धरतात, त्यामुळे आपल्याला सगळं स्पष्ट दिसतं असा यांचा समज.

"अगं, बाईंना वाटलं असेल, तुझ्यावर भार नको."

"भार? मी काय म्हातारी घोडी आहे?"

"तसं नाही. तो पोरगा चटपटीत आहे, एवढंच—"

"तुम्हीसुद्धा?"

"मी त्याला बघितलंही नाहीये!"

"न बघता कौतुक! बघितलं तर दत्तकच घ्याल."

यांनी भाजी वाढून घेतली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली की माणूस कुठे थांबायचं ते शिकतो. मी शिकले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मऊसूतच्या टेबलावर ती यादी पडली होती. बाईंचं अक्षर मला माझ्या अक्षरासारखं येतं, वीस वर्षं त्यांच्या चिठ्ठ्या वाचल्यात. त्यांच्याच सारखी निळी शाई घेतली आणि अडतीसच्या खाली एकोणचाळिसावा संदर्भ घातला. लेखाचं नाव, "शेळ्यांच्या कळपामुळे लाकडी साकवात निर्माण होणारी कंपने : एक निरीक्षण." लेखक म्हणून माझ्या मामेसासऱ्यांचं नाव. बिचारे आयुष्यभर टोप्या विकत होते. ओढ्यावरच्या साकवावरून एकदा गेले होते म्हणे, तेही डोळे मिटून.

पण खरी कलाकारी पुढे आहे. नियतकालिक खरं घातलं, पुलांच्या बांधणीवरचं एक जुनं त्रैमासिक. आणि खंड घातला सतरावा. आता हे फक्त आमच्या धंद्यातल्या माणसाला कळेल, म्हणून समजावून सांगते. त्या त्रैमासिकाचा छापखाना पुरात गेला होता. दीड वर्षानं अंक सुरू झाला तेव्हा संपादक नवा, त्यानं मोजणीत घोळ घातला आणि सोळाव्या खंडानंतर थेट अठरावा छापला. सतरावा खंड जगात निघालेलाच नाही. तशी दिलगिरी अठराव्याच्या पहिल्या अंकावर, वेष्टनाच्या आतल्या बाजूला होती. पण बांधणीवाले खंड बांधताना वेष्टनं फाडून टाकतात. म्हणजे कुठल्याही ग्रंथालयात जा, सोळा आहे, अठरा आहे, आणि मध्ये सतरा हरवलाय असंच वाटणार. न निघालेला खंड आहे तो. त्यापुढे ना पडदा चालतो, ना मऊ आवाज.

झालं. सापळा लावला आणि मी मजा बघत बसले.

पहिल्या आठवड्यात अडतीस संदर्भ निघाले. एकोणचाळिसावा निघेना. दुसऱ्या आठवड्यात त्यानं अकरा ग्रंथालयांना पत्रं टाकली. अकराही ठिकाणांहून उत्तर : सोळा आहे, अठरा आहे, सतरा सापडत नाही, क्षमस्व. मी रोज दुपारी ती उत्तरं वाचत होते. काय भूक लागायची म्हणून सांगू!

"काय रे, चेहरा उतरलाय?" मी तोंडात खडीसाखर ठेवून विचारलं.

"एक संदर्भ अडलाय, ताई."

"अरेरे. बाईंना सांगून टाक ना, नाही मिळत म्हणून."

"नको. मिळेल."

"जुना असेल. जुन्या गोष्टी पडद्यावर येत नसतात बाबा. त्यांना पायी भेटायला जावं लागतं."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या टेबलाकडे. मग परत माझ्याकडे. "हो ताई," म्हणाला, आणि त्या दिवसापासून कपाटांमधून हिंडायला लागला. हिंड म्हटलं. पाय दुखतील, बाकी काही नाही.

तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी, कंपनवाल्या बाई वेळेच्या आधीच आल्या. मऊसूत तळघरात गेला होता. बाईंनी त्याच्या टेबलावरची फाईल उचलली आणि तिथंच चाळायला लागल्या. पहिलंच पान बघून त्या ओरडल्या. वाचनकक्षात ओरडल्या! "अगं, इकडे ये! हे बघ पोरानं काय शोधून काढलंय!"

मी गेले. त्यांच्या हातात चार पानांची छायाप्रत होती. वर नियतकालिकाचं नाव. खंड सतरावा. "शेळ्यांच्या कळपामुळे लाकडी साकवात निर्माण होणारी कंपने : एक निरीक्षण." खाली माझे मामेसासरे.

खरं सांगते, मी रचलेली गोष्ट माझ्यापुढे उभी होती, तक्त्यांसकट. शेळ्यांची संख्या, सरासरी वजन, पावलांमधलं अंतर. क्षणभर वाटलं, आपणच कुठेतरी हे वाचलं असेल. मामेसासऱ्यांनी टोप्या विकता विकता हे उद्योग केले असतील, कुणाला काय माहीत!

"मी मागितलासुद्धा नव्हता," बाई सांगत होत्या, "यानं आपणहून शोधला! माझ्या चौथ्या प्रकरणाला नेमका हाच हवा होता. माणसं एका तालात चालली की पूल डोलतो. पण शेळ्या तालात चालत नाहीत, तरी साकव का डोलला? शुक्रवारी हस्तलिखित छापखान्यात जातंय, आज रात्रीत दोन परिच्छेद घालते. याला म्हणतात ग्रंथपाल!"

आणि हे मला म्हणतायत. माझ्यापुढे उभं राहून. माझ्या शेळ्यांवरून.

"बघू जरा," म्हणून मी प्रत घेतली. तेवीस वर्षं कागद चाळलेत, थोडं तरी कळतं. पहिल्या पानावर ग्रंथालयाचा शिक्का होता. गोल, आणि खालचा कोपरा उडालेला. तो शिक्का आम्ही नऊ वर्षांपूर्वी बाद केला. तो माझ्या टेबलाच्या खालच्या खणात, पत्र्याच्या डबीत असतो. मग शेवटचं पान उलटलं. सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, आभार :

"हे संशोधन ज्यांच्यावाचून अस्तित्वातच आलं नसतं, त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंचा लेखक ऋणी आहे."

बाईंचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं. त्या तक्त्यांपुढे गेल्याच नव्हत्या.

पानं हातात घेऊनच मी तळघरात गेले. मऊसूत दोन कपाटांच्या मध्ये होता.

"कधी कळलं?"

तो दचकला. "वाचलंत? मला वाटलं जेवणाच्या सुट्टीत वाचाल. रोज वाचता ना, म्हणून फाईलीत सगळ्यात वर ठेवलं होतं. फक्त तुमच्यासाठी."

"कधी कळलं विचारते."

"तुम्हीच सांगितलंत ना, पायी जा म्हणून. गेलो. सगळ्या ठिकाणी अठराव्या खंडाची वेष्टनं फाडलेली, आपल्याच प्रतीला शाबूत. बांधणीवाल्याला तुम्हीच तशी ताकीद दिली होती, हो ना? आत दिलगिरी छापलेली. सतरावा खंड निघालाच नाही."

"मग मी केलं कशावरून? बाईंची चूक असेल."

"ताई," तो अगदी हळू म्हणाला, "तुमच्या डब्याची पिशवी."

माझी डब्याची पिशवी मामेसासऱ्यांच्या दुकानातली आहे. मांजरपाटाची, मजबूत. तिच्यावर टोपीचं चित्र आहे, आणि टोपीखाली ठसठशीत अक्षरांत दुकानदाराचं पूर्ण नाव. सोळा वर्षं ती रोज माझ्या टेबलावर असते. जगाच्या डोळ्यांत धूळ फेकायला निघाले, आणि सही टेबलावर ठेवून गेले!

"हसू नकोस," मी म्हटलं. "तुझी फाईल बाईंनी आधी वाचली."

"मग? काय म्हणाल्या?"

"चौथ्या प्रकरणात घालतायत. शुक्रवारी छापायला जातंय."

तो जिन्याच्या पायरीवर बसला. "ताई, माझा परीक्षाधीन काळ पुढच्या महिन्यात संपतोय. खोटा लेख, वर ग्रंथालयाचा शिक्का. मला ठेवणार नाहीत."

आणि मला ते दिसलं. लख्ख दिसलं. मी काहीच करायची गरज नव्हती. वर जाऊन एवढंच म्हणायचं, "बाई, हा शिक्का जरा बघता का?" नागोबा बिळाबाहेर. रांग माझ्या टेबलापुढे, बुधवार माझा, आभार माझे. कुणी मला बोल लावला नसता. खोटा संदर्भ मी घातला हे त्यानं सांगितलं असतं, तर बुडणाऱ्याचं कोण ऐकतं?

मी वर गेले. बाई खिडकीपाशी उभ्याच होत्या. बसायला फक्त ती प्रयोगाची खुर्ची रिकामी होती.

"बाई, हा लेख घालू नका."

"का?"

"खोटा आहे. सतरावा खंड निघालेलाच नाही. संदर्भ मी घातला, त्याच्या यादीत, तुमच्या अक्षरात. त्याला दमवायला."

बाईंनी माझ्या हातातल्या पानांकडे बोट केलं. "आणि ही चार पानं?"

इथं मी थांबले. दया आली म्हणून थांबले असं कुणी समजू नये. मी हातातली ती पानं बघत होते. काय सुंदर काम होतं! अक्षरांचा ठसा जुना, कडेला शिवणीची सावली, तक्त्यात एक शेळी "लंगडी, वगळली" म्हणून टीप. लंगडी, वगळली! तेवीस वर्षांत मी इतकी झकास थाप मारली नव्हती. आणि ती त्याची होती. शोधण्यात माझ्यापुढे, मऊ बोलण्यात माझ्यापुढे, आता थापांतही माझ्यापुढे? ते मला सहन होणं शक्यच नव्हतं.

"ही पण मीच केली," मी म्हटलं. "शिक्का माझ्या खणातला आहे. बघा हवं तर. त्यानं बिचाऱ्यानं मिळालं तसं फाईलीत लावलं."

बाईंनी पानं परत घेतली. तक्त्यावर बोट ठेवलं. "शेळ्यांची पावलं तालात पडत नाहीत, पण साकव डोलायला लागला की त्या सगळ्या एकदम थांबतात आणि एकदम निघतात. हे फार हुशारीनं लिहिलंय. कुठून सुचलं?"

मला काय माहीत कुठून सुचलं! "निरीक्षण," मी म्हटलं.

बाई हसल्या नाहीत. "वीस वर्षांत," त्या म्हणाल्या, "तू आणून दिलेलं मी एकदाही परत तपासलं नाही. बाकी सगळ्यांचं तपासते." पानं माझ्या हातात दिली, यादी उचलली आणि गेल्या. चहा सांगितला होता, तो आला आणि दोन कप तसेच गार झाले.

पुढच्या महिन्यात मऊसूत कायम झाला. मोठ्या साहेबांनी मला समज दिली, लेखी. शिक्का जप्त झाला. माझा परीक्षाधीन काळ केव्हाच संपलेला, मला काढणार कोण?

चार महिन्यांनी पुस्तक आलं. मी ते पार्सल दुसऱ्या कुणाला फोडू दिलं नाही. कपाटामागे जाऊन आभारांचं पान उघडलं. एकाचेच आभार होते. मऊसूतचे, पूर्ण नावानं, चौदा शब्द. मी दोनदा मोजले. चिकाटी, सचोटी, असलं सगळं. सचोटी! ते जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन मी तिथंच बसले.

"ताई." तो कपाटाच्या टोकाशी उभा होता. त्याच्याही हातात एक प्रत होती. कान लाल झालेले. "हे बरोबर नाही. मी जाऊन बाईंना सांगतो. तो लेख माझा होता."

"कुणाचा?"

"माझा. मीच तर—"

"गप. लेखावर नाव कुणाचं आहे?"

"तुमच्या... मामेसासऱ्यांचं."

"मग तुझा कसा? आमच्या घरातलं संशोधन आहे ते. खबरदार कुठे बोललास तर!"

तो हसला. मला हसायचं नव्हतं. जा म्हटलं, रांग लागलीये तुझ्यापुढे. गेला.

मग मी खणातून निळी वही काढली. पेन उघडलं, जरा विचार केला आणि लिहिलं : बेचाळीस. खंड सतरावा, पान चौथं, तळाशी. शब्द मोजले. तेरा.

त्याच्यापेक्षा एक कमी.